नाथीबाई कोण?

मुसफ्फा येथील एका वर्कशॉपमध्ये लेथ चालविणाऱ्या आमच्या बांधवाची कन्या यंदा उच्च शिक्षणासाठी मुंबईला निघाली आहे. परवा बुद्धवंदनेनंतर तिने प्रवेशपत्र आम्हांस दाखविले आणि विचारले, "काका, विद्यापीठाच्या नावातल्या या नाथीबाई कोण?" जमलेल्यांपैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. म्हणून हे सदर त्या प्रश्नासाठी.

नाथीबाई या मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांच्या मातोश्री. १८७३ साली जन्मलेल्या विठ्ठलदासांनी घराण्याच्या कापड गिरण्यांचा कारभार वाढविला आणि १९११ साली लल्लुभाई सामळदास यांच्यासमवेत मुंबई इलाख्यातील सहकारी पतपुरवठ्यासाठी मध्यवर्ती बँकेचा पाया घातला.

इकडे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली होती. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ स्थापन केले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच. लोकांकडून थोडी थोडी वर्गणी जमवून संस्था चालली होती. १९१९ साली विठ्ठलदास पत्नी प्रेमलीला यांच्यासह जगप्रवासास गेले आणि टोकियोत त्यांनी तेच विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परतल्यावर, १९२० साली, त्यांनी कर्व्यांच्या संस्थेस १५ लाख रुपयांची देणगी दिली. मुद्दल राखून ठेवायचे आणि वर्षाकाठी येणाऱ्या ५२,५०० रुपयांच्या व्याजावर विद्यापीठ चालवायचे, अशी ती योजना. नाव मात्र त्यांनी स्वतःचे न देता आईचे दिले. १९२२ साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. १९५१ मध्ये विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हा प्रेमलीलाबाई पहिल्या कुलगुरू झाल्या.

येथवरची कथा गौरवाची आहे, आणि तो गौरव आम्ही मनःपूर्वक करतो. परंतु गिरणीच्या पैशाची कथा सांगताना गिरणीच्या आतील कथा वगळणे आपणांस शोभणार नाही. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, कताईपेक्षा मजुरी अधिक असे. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण कसा घ्यायचा, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना ते खाते बंद होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मुंबईच्या गिरणी उद्योगातून जी संपत्ती उभी राहिली, तिच्यात साच्यापर्यंत पोहोचू न दिलेल्या हातांचेही श्रम आहेत. त्या हातांचे नाव कोणत्याही इमारतीवर नाही.

मग दान लहान ठरते काय? नाही. स्वतः बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, १९१३ साली कोलंबियास गेले. त्या उपकाराची जाणीव ठेवूनच त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढल्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालयाचे दार उघडले. घेतलेले दान त्यांनी असे पुढे नेले. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतले, ही कथा आपली मुले जाणतात. परंतु त्या वनाचे मोल त्यावर अंथरलेल्या सुवर्णमुद्रांपेक्षा तेथे मिळालेल्या उपदेशात होते. दान किती, याहून त्या दानाने दार कोणासाठी उघडले, हे महत्त्वाचे.

आपण मुसफ्फाचे लोक गिरणीमालक नव्हे. आपले धन म्हणजे ऑगस्टच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली केलेला ओव्हरटाइम. त्यातून गावी घर होते, लग्ने होतात, ते योग्यच. तरीही प्रत्येक कुटुंबाने आपल्या नात्यागोत्यातील एका मुलीचे शिक्षण, पहिल्या वर्षाच्या फीपासून पदवीपर्यंत, मध्येच न सोडता पार पाडावे, असे आम्हांस वाटते. कर्व्यांच्या विद्यापीठास जे स्थैर्य लाभले, ते दरवर्षी न चुकता येणाऱ्या रकमेमुळे. तेवढे सातत्य आपल्यालाही जमेल. आणि नाव द्यायचेच असेल तर खडी फोडून, शेण थापून आपल्याला शाळेत धाडणाऱ्या आईचे द्यावे.

त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. ती म्हणाली, "मग साचेखात्याबद्दलही मी तिथे विचारीन." अवश्य विचार, बाळ. त्यासाठीच तर तुला धाडतो आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!