लेणी कुणाची आणि सहल कुणाची?

पावसाळा सुरू झाला की पुण्यातून लोणावळा, जुन्नर, आंबेगावच्या दिशेने गाड्यांची रांग लागते. सहलवाल्यांचा एक साचाच ठरून गेला आहे. एक देवस्थान, एक किल्ला, एक अभयारण्य. अष्टविनायक, शिवनेरी, भीमाशंकर! कष्टकरी माणसाने वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन डोंगर पाहावा, याचा आम्हाला आनंदच आहे. आमची हरकत वेगळी आहे. या साच्यात पुणे जिल्ह्याचा दोन हजार वर्षांचा बौद्ध इतिहास बसत नाही, आणि बसवलाच तर तो देवळाची पायरी म्हणून बसवला जातो.

लेण्याद्री घ्या. अष्टविनायकांपैकी हा गणपती ज्या दालनात आहे ते लेणे क्रमांक 7, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा विहार. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या तिन्ही बाजूंनी आजही जागेवर आहेत. मागच्या बाजूच्या दोन खोल्या एक करून तिथे गाभारा झाला. शेजारीच लेणे क्रमांक 6, स्तूप असलेले चैत्यगृह. कल्याणच्या सुलसदत्ताने ते दान दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. पण तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेली दर्शनाची रांग तिथे थांबते का? डोंगर एकच, संरक्षण करणारे पुरातत्त्व खातेही एकच. पण दान देणाऱ्याचे नाव गेले आणि पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरल्याची लोणकढी थाप तेवढी महाराष्ट्रभर शिल्लक राहिली.

कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. तिथे येणारे कोळी, आगरी बांधव बहुजनच आहेत. त्यांच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण असे भांडण लावून देणारे टपलेलेच असतात. आमचा प्रश्न एवढाच की, त्या देवळामागे भारतातले सर्वांत मोठे शैलगृह चैत्य उभे आहे, ते कुणी उभारले हे त्या बांधवांना कुणी सांगितले का? भिंती आणि खांबच सांगतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, खांब दान करणारे यवन, आणि दरवाजा घडवणारा धेनुकाकटचा सुतार सामी. एका सुताराचे नाव, बापाच्या नावासह, श्रेष्ठींच्या आणि राजांच्या लेखांशेजारी कोरलेले! हा पुरावा आहे. ज्या कारागिराला पुढे वर्णव्यवस्थेने शूद्र ठरवून गावगाड्याला बांधले, तो कारागीर इथे दाता म्हणून नाव लावून उभा आहे. हा लेख न वाचता सहल परत येते, तेव्हा सर्वांत जास्त नुकसान बहुजनांच्याच पोरांचे होते.

पर्यटन म्हणजे मौजमजा, त्यात कसले आले समतेचे राजकारण, असे विचारणारे भेटतात. त्यांनी 1934 सालची हकिकत आठवावी. चळवळीतल्या सहकाऱ्यांना घेऊन बाबासाहेब सहलीलाच निघाले होते. वेरूळची लेणी पाहायची होती, वाटेत दौलताबादचा किल्ला होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून जमाव अंगावर धावून आला. शेवटी पाण्याला हात लागू नये म्हणून एक सशस्त्र शिपाई सोबत देऊन किल्ला दाखवला गेला. देशाचा कायदा पुढे ज्यांच्या हातून लिहिला जाणार होता, त्यांच्यावर हा पहारा! खुद्द पुण्यात 1929 च्या ऑक्टोबरमध्ये पर्वतीच्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगड पडले, पां. ना. राजभोज जखमी झाले. आज त्या पायऱ्यांवर सकाळी व्यायामाला कुणीही जातो. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि सार्वजनिक ठिकाणे नाव घेऊन घातली गेली, त्यामागे हे सारे अनुभव आहेत.

प्रवेशाचा हक्क मिळाला, इतिहासाचा मिळायचा आहे. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. छत्रपतींच्या किल्ल्यांचा हा गौरव आमचाही आहे. पण शिवनेरीच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, लोहगडाची वाट भाज्याच्या लेण्यांखालून जाते, हे पर्यटकाला कोण सांगणार? पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका तर 1885 च्या सरकारी गॅझेटियरमध्येच आहे. बुरूज उभा राहावा म्हणून नाथनाक आणि देवकाई या महार जोडप्याला पायात जिवंत गाडल्याचे ती सांगते. आख्यायिका म्हणून सांगा, पण सांगा तरी.

भीमाशंकरचीही तीच गत. 1985 पासून ते अभयारण्य आहे. पर्यटक शेकरू बघायला आणि ज्योतिर्लिंगाला येतात, प्लास्टिक टाकून जातात. त्या जंगलात पिढ्यान्पिढ्या राहून हिरडा गोळा करणारा महादेव कोळी आदिवासी मात्र नियमांच्या कचाट्यात. त्याच्यासाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्याचे दावे किती मंजूर झाले, हे शेकरूचा फोटो काढणाऱ्याने एकदा विचारावे.

वकील म्हणून आम्ही मागणी मोजकीच करतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही संविधानाच्या 49 व्या अनुच्छेदाने राज्यावर टाकलेली जबाबदारी आहे. 1958 चा स्मारक कायदा म्हणतो की, पूजास्थान असलेल्या संरक्षित स्मारकाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत होता कामा नये. मग स्वरूप काय ते लोकांना कळलेच पाहिजे. आम्ही मूर्ती हलवा म्हणत नाही, पाटी लावा म्हणतो. लेण्याद्री, कार्ले, भाजे, बेडसे इथल्या प्रत्येक लेखाचे वाचन आणि मराठी अर्थ, ठळक अक्षरांत, रांगेतल्या माणसाला दिसेल असा. शाळांच्या सहलींना त्यापुढे दहा मिनिटे उभे करावे.

आणि आपल्या लोकांनाही दोन शब्द. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला आपण लाखोंनी जातो. त्यातले बेडसे किती जणांनी पाहिले? अलीकडे आपली तरुण मुलेमुली धम्मलिपी शिकून लेण्यांवर अभ्यासवर्ग घेत आहेत, त्यांच्यासोबत जा. मोठा खर्च नाही, लोणावळ्याची लोकल पुरे. देहूरोडला उतरलात तर 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवलेले विहार. कामशेतला उतरलात तर पुढे बेडसे, मळवलीला उतरलात तर एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. बेडश्याला पाण्याच्या टाक्याजवळचा लेख नक्की पाहा. ते टाके सामडिनिका नावाच्या एका स्त्रीने दान दिलेले आहे. सोबत वही ठेवा आणि मुलांकडून तिचे नाव लिहून घ्या.