पाव किलो अक्रोड

ईद जवळ आली की घरात सामानाची यादी तयार होते. शेवया, खजूर, बदाम, चारोळी आणि पाव किलो अक्रोड. निमोण्याहून कोणी शिरूरच्या बाजाराला निघाले, की ही यादी त्याच्या खिशात जाते. दिवाळीच्या यादीतही अक्रोड आणि केशर असतात. यादीत आपण वजन लिहितो, भाव विचारतो. पण हा माल कोठून आला, असे कधी विचारतो का?

आपल्या देशात अक्रोड मुख्यतः काश्मीरमध्ये पिकतो. सप्टेंबरमध्ये माणसे उंच झाडांवर चढून काठीने अक्रोड झोडपतात. दरवर्षी कोणी ना कोणी पडून जखमी होते, कधी जीवही जातो. हिरवी साल सोलताना हात काळे पडतात आणि तो डाग कित्येक दिवस जात नाही. केशराचे काम त्याहून नाजूक आहे. उर्दूत आपण ज्याला जाफरान म्हणतो, ते पांपोरच्या शेतात ऑक्टोबरच्या शेवटी फुलते. एका फुलात तांबडे तंतू फक्त तीन असतात. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले हाताने वेचावी लागतात.

काश्मीरमध्ये गेली पस्तीस वर्षे अशांतता आहे. तेथे काही भयंकर घडले, की त्याचा राग पुष्कळदा चुकीच्या माणसावर निघतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. सारा देश हळहळला. पण पुढच्याच महिन्यात लखनौमध्ये रस्त्यावर सुकामेवा विकणाऱ्या दोघा काश्मिरींना काही जणांनी मारले. त्यांचा गुन्हा कोणता? ते काश्मीरचे होते, एवढाच! एका स्थानिक माणसाने मध्ये पडून ही मारहाण थांबवली आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना अटक केली. त्या मध्ये पडणाऱ्या माणसाची आठवण मला वारंवार येते.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ अतिरेक्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. आपल्या पुण्याचेही होते. हे दुःख लहान नाही. मृतांमध्ये एक काश्मिरी घोडेवालाही होता. पर्यटकांना वाचवताना तो मेला. दुसऱ्या दिवशी काश्मीरच्या लोकांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. तरीही ‘काश्मिरी माल घेऊ नका’ असे म्हणणारे लोक निघालेच.

हे म्हणणे मला पटत नाही. का, ते निमोण्याच्या शेतकऱ्याला लगेच समजेल. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव पडले. कांदा पिकवणाऱ्याने काय चूक केली होती? दुसऱ्याच्या निर्णयाची किंमत त्याने मोजली. बंदूक चालवणारा वेगळा आणि अक्रोड सोलणारा वेगळा. सोलणाऱ्याचा माल पडून राहिला, तर बंदूकवाल्याचे काय बिघडते? उलट, रिकाम्या हातांचा तरुण त्याला सहज सापडतो.

तुम्ही म्हणाल, “पाव किलो अक्रोडाने का लढाई थांबते?” नाही थांबत. तसे मी म्हणतही नाही. पण एक जुनी गोष्ट ऐका. आपल्या भागात ऊस आणि साखर नवी नाही, म्हणून साखरेचीच सांगतो. १७९१ च्या सुमारास इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर चहात घालणे सोडले, कारण ती गुलामांच्या कष्टातून येत होती. पुढे काही घरांतील साखरेच्या भांड्यांवर ‘ही साखर गुलामांनी केलेली नाही’ अशा अर्थाची अक्षरे असत. गुलामगिरी केवळ त्यामुळे संपली नाही. गुलामांनी स्वतः बंड केले, संसदेत वर्षानुवर्षे वाद झाले आणि १८३३ मध्ये कायदा झाला. मात्र जेवणाच्या टेबलावर रोज हा प्रश्न निघत राहिला. (ऊस तोडायला बीडकडून येणाऱ्या माणसांबद्दलही आपण असे विचारायला हवे, पण तो विषय वेगळा.)

काही जण म्हणतात, यापेक्षा देणगी द्यावी. देणगीचीही गरज आहेच. पुण्यात शिकलेले अधिक कदम २००२ पासून कुपवाडा भागात अनाथ मुलींसाठी वसतिगृह चालवीत आले आहेत. तेथे मदतच लागते. परंतु ज्याच्या हातात कसब आहे, त्याला दान नको असते, गिऱ्हाईक हवे असते. दान घेताना मान खाली जाते. माल विकताना माणूस भाव सांगतो आणि घासाघीसही करतो.

आता एक सावधगिरी. डोळे मिटून केलेली खरेदी उपयोगाची नाही. २००८ मध्ये नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंच्या काश्मीरमध्ये मालाच्या बदल्यात माल असा व्यापार सुरू झाला होता. कल्पना चांगली होती. पण या मार्गाने शस्त्रे, अमली पदार्थ आणि खोट्या नोटा येतात, असे सांगून सरकारने एप्रिल २०१९ मध्ये तो थांबवला. म्हणून पैसा कोणाच्या हातात जातो, हे पाहणे आवश्यक आहे. दुसरे असे, की बाजारात कॅलिफोर्निया आणि चिलीचे अक्रोडही येतात. इराणचे केशर काश्मिरी म्हणून विकले जाते. कधी तर रंगवलेले तंतूच असतात. खरे केशर पाण्यात टाकले, तर रंग हळूहळू सुटतो आणि तंतू तांबडाच राहतो. रंग एकदम सुटून तंतू पांढरा पडला, तर समजा की आपण फसलो. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पुडीवर ती खूण आहे का, ते बघा.

या ईदला यादी घेऊन तुम्हीच बाजारात जा आणि दुकानदाराला विचारा, “चाचा, हे अक्रोड कुठले?” बहुधा तो म्हणेल, “अरे, अक्रोड ते अक्रोड!” हसू द्या त्याला. काश्मिरी अक्रोड महाग वाटला, तर पाव किलोऐवजी शंभर ग्रॅम घ्या. शीरखुर्म्याला तेवढा पुरतो. दिवाळीच्या वेळी त्याच दुकानात पुन्हा जा आणि पुन्हा विचारा.