कोयत्यासोबत बीपीची गोळीही जाऊ द्या



दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड टोळ्या निघतात. जाण्याआधी कुठे शिबिर झाले तर रक्तदाब मोजला जातो आणि कागदावर आकडा लिहिला जातो. पुढचे चार-पाच महिने त्या आकड्याचे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

‘बीपी बसून खाणाऱ्यांना होतो, ऊसतोड्याला कुठला?’ हा समज घातक आहे. पहाटे फडात उतरायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायची. झोप अशी नाहीच. उचलीचा (आगाऊ घेतलेल्या मजुरीचा) घोर, तंबाखू, दारू, भाकरीबरोबर खारट ठेचा या सगळ्यांनी रक्तदाब चढतो. अंगदुखीवर रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या तो आणखी वाढवतात आणि मूत्रपिंडेही बिघडवतात. त्यात भर म्हणजे, गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या २०१९ च्या अहवालानुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यासोबत अंडाशयेही गेली असतील, तर अकाली पाळी थांबून हृदयविकाराचा धोका वाढतो.

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहिला, तर उपचार हवेत. पण त्यात बहुधा काही दुखत-खुपत नाही. महिन्याच्या गोळ्या फडावर संपतात, नव्या आणायला जावे तर खाडा पडतो, म्हणून गोळी सुटते. मग आजार कळतो तो थेट लकवा मारल्यावर किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यावर.

एकच ठरलेली उपचारपद्धती, अखंड औषधपुरवठा आणि घराजवळ उपचार या सूत्रावर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत आमचे लोक जिथे ऊस तोडायला जातात तो साताराही होता. मात्र वर्षातले चार-पाच महिने फडाजवळच्या कोपीवर (झोपडीत) राहणाऱ्याचे ‘घर’ कोणते धरायचे?

एकदम जास्त गोळ्या दिल्या तर वाया जातील, असे कोणी म्हणेल. पण रक्तदाबावरची अम्लोडिपिनची गोळी स्वस्त आहे. उलट, गोळीअभावी घरातला कर्ता अंथरुणाला खिळला तर उचल फेडायला पोरांच्या हाती कोयता येतो. म्हणून निघतानाच किमान तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, उपचाराची नोंद असलेले कार्ड कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात चालावे आणि महिन्याच्या तपासणीसाठी खाडा धरू नये. गाळप परवाना देताना शासनाने कारखान्यांना ही अट घालावी.

– एक वाचक, वडवणी (जि. बीड)