गृहविज्ञान : जुन्या स्पीकरचा आवाज कां मंदावतो?

वाशीचा खाडीपूल १९७३ सालीं खुला झाला आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरगांव-दादरकडील कितीतरी कुटुंबें वाशी, नेरूळ, बेलापूर येथें येऊन स्थिरावलीं. त्यांच्या सामानांत रेकॉर्डप्लेअर होते, तशा लांकडी स्पीकरच्या पेट्याही होत्या. आज त्यांपैकीं कांहीं पेट्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत फुलदाणीचें ओझें वाहत उभ्या आहेत. “तंबोऱ्याची जवारी पूर्वीसारखी ऐकूं येत नाहीं,” असें आजोबा म्हणतात. “आजोबांचे कानच मंदावले,” असें नातवंडें म्हणतात. आणि हा वाद पुष्कळदां भंगारवाल्याच्या हातगाडीपाशीं मिटतो. तो तेथें मिटूं नये, एवढ्यासाठींच आजचें हें टिपण.

मनुष्याच्या कानास साधारणतः सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. एवढा व्याप एकाच पडद्यास नीट पेलत नाहीं. म्हणून पेटींत डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठीं मोठा वूफर आणि जवारीच्या झंकारासाठीं लहान ट्वीटर असे दोन, क्वचित् तीन, वांटेकरी असतात. ज्याचें काम त्यास नेमून देणाऱ्या योजनेस क्रॉसओव्हर म्हणतात. एकत्र कुटुंबांतील जाणती गृहिणी पाण्याची घागर धट्ट्याकट्ट्या हातीं देते आणि वाती वळण्याचें काम नाजूक बोटांस सांगते, तसाच हा प्रकार आहे.

हें काम मुख्यतः दोन वस्तु करितात. तांब्याच्या तारेचें वेटोळें, म्हणजे कॉइल, खालचे स्वर सुखानें जाऊं देते व वरचे अडविते. कंडेन्सर, ज्यास आतां दुकानांत कपॅसिटर म्हणतात, तो नेमका याच्या उलट वागतो. उदाहरणार्थ, ८ ओहमच्या ट्वीटरकडे ३,००० कंपनांच्या वरचेच स्वर धाडावयाचे असतील, तर साध्या रचनेंत सुमारें ६.६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो. त्याचें मूल्य निम्म्यावर आलें कीं ही सीमा ६,००० वर जाते. वूफरची हद्द मात्र पूर्वींचीच राहते. त्यामुळें मधला प्रांत ओसाड पडतो.

आतां ह्या दोहोंत म्हातारा कोण होतो? कॉइल सहसा नव्हे. जुन्या पेट्यांत बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचा कंडेन्सर असतो. त्यांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्यें द्रवानें भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. काळानें व उष्णतेनें तो द्रव सुकतो, आंतील विरोध वाढतो आणि मूल्यही ढळतें. कांहींचें घटतें, कांहींचें वाढतेंही. त्यांत खाडीकडची खारट, दमट हवा तारांच्या जोडांवर हिरवट थर चढविते, तें वेगळेंच.

परीक्षा घरींच करतां येते. वयोमानानें माणसाच्या कानास वरचे स्वर कमी ऐकूं येतात, हें खरें आहे. म्हणून आजोबांची स्मृति आणि नातवाचा कान, दोहोंचें साह्य घ्यावें. एकच गाणें मंद आवाजांत लावून नातवानें दोन्ही पेट्यांच्या ट्वीटरजवळ आळीपाळीनें कान न्यावा. एक ट्वीटर मुका वाटल्यास यंत्र बंद करून दोन्ही पेट्यांच्या तारा यंत्राकडील टोंकाशीं अदलाबदल कराव्या. त्यानंतरही तीच पेटी मुकी राहिली तर दोष पेटींत आहे. मुकेपण दुसऱ्या पेटीकडे गेलें तर तो यंत्रांत आहे. दोन्ही पेट्या सारख्याच मंद असतील, तर तेंच गाणें चांगल्या हेडफोनवर ऐकून ताडून पाहावें.

दोष पेटींत आढळला, तरी तो कंडेन्सरचाच कीं ट्वीटरची तार तुटली आहे, हें कारागिराकडून मापून घ्यावें. कंडेन्सर बदलणें ठरल्यास कांहीं पथ्यें पाळावीं. यंत्र बंद करून तारा सोडवाव्या आणि आंतील जोडणीचें छायाचित्र आधीं घ्यावें. कित्येक कारखानदार ट्वीटरची जोडणी मुद्दाम उलटी ठेवितात, ती “सुधारूं” नये. नव्या कंडेन्सरचें मायक्रोफॅरड मूल्य जुन्यावर छापलेलेंच असावें. व्होल्ट तेवढे किंवा अधिक चालतील. धन-ऋण खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक येथें चालत नाहीं. फिल्म जातीचा घेतल्यास तो सुकत नाहीं. मात्र त्याचा आंतील विरोध फार कमी असल्यामुळें आवाज किंचित् तीक्ष्ण वाटूं शकतो. तसें झाल्यास कारागीर ओहमच्या अंशाएवढा रोधक जोडून देतो. अधिक मोठें मूल्य अधिक चांगलें, असें समजूं नये. त्यामुळें खालचे स्वर ट्वीटरमध्यें शिरून त्याची नाजूक तार जळण्याचें भय असतें. आणि एका पेटींत बदल केला कीं दुसरींतही करावा, नाहींतर दोघींचा सूर जुळणार नाहीं.

हे भाग मुंबईंत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, शोधावे. ज्यांस डाख देण्याची संवय नाहीं त्यांनीं तें काम माहितगारावरच सोंपवावें. वूफरच्या कडेचा फोम भुगा झाला असेल तर त्याची दुरुस्ती निराळी असते, हेंही ध्यानांत ठेवावें.

लांकूड, चुंबक आणि तांबें अनेकदां पन्नास वर्षांनंतरही शाबूत असतात. थकलेला असतो तो बोटाएवढा एक भाग. तेवढा तपासून घ्यावा, आणि मगच पेटी ठेवावयाची कीं द्यावयाची, हें घरांतील सर्वांनीं मिळून ठरवावें.