पावले मोजा, मगच वाट द्या



गेल्या पावसाळ्यात मावळात मावसभावाकडे गेलो होतो. भाताची लावणी नुकतीच उरकलेली, पण घरात कुणाचे चित्त ठिकाणावर नव्हते. विचारले तेव्हा कळले, की खालच्या खाचराचा बांध फुटला आणि लावलेले रोप गाळाखाली गेले. पाऊस तर काही जगावेगळा झाला नव्हता. मग एवढे पाणी आले कुठून?

पाणी आले डोंगरावरच्या पायवाटेने. आठ दिवस आधी त्या वाटेवरून शहरातल्या मंडळींची धावण्याची शर्यत झाली होती. पाच-सहाशे माणसे भर पावसात डोंगर चढून उतरली.

"पोरं चांगली होती हो, दादा," मावसभाऊ म्हणाला. "कागदाचा कपटासुद्धा टाकला नाही कुणी. जाताना आमच्या आईच्या पाया पडून गेली. पण बांध गेला तो गेलाच."

आता यात चूक कुणाची? ती समजून घ्यायची तर आधी मातीकडे जाऊ.

तुम्ही-आम्ही वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. ओल्या रानात बैल घातला की माती दबते, ढेकळे धरतात आणि पुढे पाणी मुरत नाही. पायवाटेचेही तसेच असते. एरवी गुराखी आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया एकामागे एक चालतात, म्हणून वाट हातभर रुंद राहते. शर्यतीत मधे चिखल झाला की मागचा माणूस कडेच्या गवतावर पाय देतो आणि त्याच्या मागचा आणखी कडेला. संध्याकाळपर्यंत हातभर वाटेची चार हात होते, गवत मरते, माती दबून फरशीसारखी होते. पुढच्या सरीचे पाणी त्यात मुरत नाही, वाटेनेच खाली धावते, ओघळ पाडते आणि पहिला बांध गाठते. म्हणून डोंगरात पळणाऱ्याला जाणती माणसे सांगतात, की बूट भरले तरी चालतील, चिखल आला तर मधूनच जा. कडेने गेलास तर वाट मोडेल.

म्हणजे नुकसान शर्यतीच्या दिवशी दिसत नाही, ते पुढच्या पावसात दिसते. कचरा उचलून लोक घरी गेले, की आपले काम झाले असे संयोजकांना वाटते. तिथेच गफलत होते.

या बाबतीत अमेरिकेतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाचा मोठा डोंगर आहे. तिथे 1955 सालापासून 100 मैलांची घोड्यांची दौड होते. घोड्याने 24 तासांत अंतर कापायचे. गॉर्डी एन्सले नावाच्या स्वाराचा घोडा 1973 साली वाटेत लंगडला. 1974 साली हा पठ्ठ्या घोड्याशिवायच निघाला आणि 23 तास 42 मिनिटांत पायी पोचला! त्यातूनच माणसांची वेगळी शर्यत उभी राहिली. 'वेस्टर्न स्टेट्स' हे तिचे नाव.

पुढे 1984 साली त्या वाटेचा काही भाग कायद्याने राखीव रान ठरला. शर्यत आधीपासूनची म्हणून ती चालू ठेवली, पण धावणाऱ्यांची संख्या सरासरी 369 वर बांधून टाकली. आज हजारो अर्ज येतात, सोडत काढावी लागते, तरी आकडा वाढत नाही. शिवाय नुसते पैसे भरून भागत नाही. धावणाऱ्याने आधी आठ तास वाट दुरुस्तीचे किंवा सेवेचे काम केलेले असावे लागते. आपल्या भाषेत श्रमदान. आपण कुरणात किती गुरे सोडायची हे गवत बघून ठरवतो, तसाच हा हिशेब आहे. आपल्याकडेही साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोज किती माणसे सोडायची याला मर्यादा घातली आहेच.

युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवती 2003 पासून मोठी शर्यत होते. तिथे धावणाऱ्याने स्वतःचा पेला बरोबर न्यायचा, कागदी पेले मिळत नाहीत. वाटेत कचरा टाकणाऱ्याला शिक्षा होते. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांना मुळकूज रोग लागला आहे. तो बुटाच्या मातीतून पसरतो, म्हणून रानात शिरताना आणि बाहेर पडताना बूट घासून जंतुनाशकाने धुवावे लागतात. त्या रोगापायी 2018 साली ऑकलंडजवळचे मोठे रान लोकांना बंद करावे लागले. आपल्याकडे गाजरगवत कसे गावोगाव पोचले, ते आठवा. बी चिखलाबरोबर चाकाला आणि बुटाला चिकटून जाते.

आणखी एक गोष्ट. अशा शर्यतीचा सर्वात जास्त धूर निघतो तो तिथे येण्या-जाण्यात. एकेक माणूस एकेक मोटार घेऊन आला, तर पेले वाचवून काय साधले? एकत्र बस करावी, नाहीतर एस.टी. आहेच.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, सरळ नको म्हणून सांगा. तर तसेही नाही. त्याच शर्यतीच्या दिवशी वहिनींच्या बचत गटाने भाकरी-पिठले विकून चार पैसे मिळवले होते. गावातली दोन पोरे धावलीही. बांध फुटला म्हणून हे सगळे बुडवावे का? माझे मत, नको म्हणू नका, अटी घाला. डोंगराखालच्या गावांनी परवानगी देण्याआधी एवढे विचारावे:

वाट किती माणसे सोसेल, हे वाट पाहून ठरवले का? जेमतेम हातभर वाट असेल तर आकडा कमी करा, किंवा माणसे टप्प्याटप्प्याने सोडा.

शर्यत कधी? पावसाळा सरून वाट टणक झाल्यावर घ्या. लावणीच्या दिवसांत नको.

आडवे दगड आणि तिरपे चर काढून वाटेवरचे पाणी जागोजाग गवतात सोडणार का? हे काम धावणाऱ्यांनीच आधी एक दिवस येऊन करावे. गावातले जाणते दाखवतील.

झऱ्याजवळ आणि टाक्याजवळ कुणी शौचाला बसणार नाही, याची सोय काय? खुणेच्या फिती त्याच दिवशी काढणार ना? प्लॅस्टिकची फीत गुराच्या पोटात गेली तर नुकसान आपले.

आणि शेवटची अट महत्त्वाची. अनामत घ्या, आणि ती पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, वाट पाहूनच परत करा. वन खात्याची परवानगी वेगळी, ती त्यांनी काढावीच. पण बांध आपला आहे.

मावसभावाच्या गावाने यंदा ग्रामसभेत हीच यादी वाचली. शर्यत मार्गशीर्षात घ्या, आणि दिवाळीनंतर एक रविवार कुदळ-फावडी घेऊन या, असे संयोजकांना कळवले आहे. मावसभावाने फुटलेला बांध घालून घेतला, पण वरची वाट अजून तशीच आहे. त्यांचे उत्तर आले की तुम्हाला कळवीन.

तोवर राम राम.