वीराचे स्मरण

रणांगणावर पडलेल्या योद्ध्यांचे स्मरण आपण कशासाठी करतो? त्यांनी किती शत्रू मारले, हे मोजण्यासाठी काय? मला तसे वाटत नाही. माझे म्हणणे ध्यानी यावे, म्हणून एका तरुणाची हकीकत सांगतो.

अँड्र्यू मिनार्स्की हा कॅनडातील विनिपेग शहरचा राहणारा. त्याचे आईबाप पोलंडातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. वडील वारल्यावर घरास हातभार लावण्यासाठी तो कातडी कापण्याचे काम करू लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, तो हवाई दलात दाखल झाला.

१२ जून १९४४ च्या रात्री त्याचे लँकेस्टर जातीचे बाँबफेकी विमान सात जणांना घेऊन इंग्लंडातून निघाले. फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वेच्या ठाण्यावर हल्ला करावयाचा होता. मार्गात जर्मन विमानाने त्यास गाठले. डावीकडची दोन्ही एंजिने बंद पडली आणि आग भडकली. कप्तानाने उड्या टाकण्याची आज्ञा दिली.

मिनार्स्की दाराशी आला. इतक्यात त्याची दृष्टी विमानाच्या शेपटाकडे गेली. तेथील फिरत्या घुमटीत त्याचा मित्र पॅट ब्रॉफी अडकून पडला होता. मिनार्स्कीने त्या क्षणी उडी टाकली असती, तर त्यास कोणीही दोष दिला नसता. परंतु तो आगीतून रांगत मित्राकडे गेला. त्याने घुमटी हलविण्याची पराकाष्ठा केली. पण ती हलेना. त्याचे कपडे पेटले, हवाई छत्रीही पेटली. ‘आता तू जा’, असे ब्रॉफीने हाताने खुणावले. तेव्हा तो नाइलाजाने मागे सरला, मित्राकडे तोंड करून ताठ उभा राहिला, त्याने सलाम केला आणि उडी घेतली. भाजल्याच्या जखमांनी त्याचा अंत झाला. त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

आश्चर्य असे, की विमान आदळताच ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि वाचला! त्याच्याच तोंडून ही हकीकत जगाला कळली. १९४६ साली मिनार्स्कीला मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ देण्यात आला.

कोणी म्हणेल, “अशाच विमानांतून पडलेल्या बाँबांनी हँबुर्गसारख्या शहरांत हजारो बायकामुले मेली. मग त्यांतील माणसांचा गौरव कशाला?” ही शंका रास्त आहे, ती दडपून टाकू नये. ब्रिटनच्या बाँबफेकी दलातील ५५,५७३ माणसे त्या युद्धात कामी आली. त्यांचे स्मारक लंडनमध्ये २०१२ साली उभारले गेले. बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण त्यावर कोरलेले आहे. मला हे योग्य वाटते. एकाचे दुःख आठवण्यासाठी दुसऱ्याचे विसरावे लागत नाही.

मिनार्स्कीच्या हातून मित्राची सुटका झाली नाही. मग त्याचा यत्न व्यर्थ गेला काय? मुळीच नाही. विनिपेगमध्ये आज त्याच्या नावाची शाळा आहे. तेथील मुलांनी त्याच्याविषयी काय शिकावे? युद्ध मोठे असते, असे नव्हे. संहाराच्या धुमाळीतही एक माणूस दुसऱ्यासाठी मागे वळला, एवढेच त्यांनी शिकावे. वीराचे स्मरण करावयाचे, ते यासाठीच.