जीवशास्त्राच्या पेपरात न विचारलेला प्रश्न

बारावीच्या आणि बीएस्सीच्या जीवशास्त्रात एक हमखास येणारा प्रश्न आहे: हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या अटी लिहा. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कोणत्याही क्लासच्या नोट्स उघडा, उत्तर तयार सापडेल. लोकसंख्या मोठी हवी, उत्परिवर्तन नको, स्थलांतर नको, नैसर्गिक निवड नको. आणि पाचवी अट रँडम मेटिंगची, म्हणजे जोडीदार निवडताना गटागटांत भेद नको. आपली पोरं ही पाचवी अट पाठ करतात, मार्क घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. ज्या देशात ही अट शेकडो पिढ्या नाही तरी निदान साठ-सत्तर पिढ्या पायदळी तुडवली गेली, त्या देशाचं नाव मात्र उत्तरात कुठेच येत नाही. जात हा शब्द जीवशास्त्राच्या वहीत लिहायचाच नसतो, असं जणू ठरलेलं आहे.

मित्रांनो, आमचं म्हणणं असं की हा शब्द तिथे लिहायलाच हवा. जनुकशास्त्र हे आपलं हत्यार आहे. पण आपण ते परीक्षेनंतर रद्दीत घालतो आणि मग दोन प्रकारचे लोक त्याचा गैरवापर करतात. एक, जातीला आणि गोत्राला 'प्राचीन विज्ञान' म्हणून विकणारे मनुवादी. दुसरे, आपल्याच चळवळीतले काही जण, जे जातीशी लढताना पुन्हा रक्ताचाच हिशेब मांडतात. दोघांनाही उत्तर याच प्रश्नसंचात आहे.

पेशी, गुणसूत्र आणि गोत्राची थाप

व्हॉट्सअॅपवर दर लग्नसराईत एक मेसेज फिरतो. गोत्र म्हणजे वाय गुणसूत्राचं शास्त्र, आपल्या ऋषींना ते हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं, म्हणून सगोत्र विवाह निषिद्ध. विज्ञान शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात. हा दावा आपण नोट्समधल्या साध्या प्रश्नांनी तपासू.

वाय गुणसूत्र कोणाकडून कोणाकडे जातं? बापाकडून मुलाकडे. मुलीकडे जातच नाही. मग लग्न करणाऱ्या मुलीच्या पेशीत वाय नसताना तिच्या आणि मुलाच्या 'वाय'ची टक्कर होणार कुठे? वाय गुणसूत्र एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांच्या आसपास. उरलेला डीएनए आईबापांच्या दोन्ही घरांतून येतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तर फक्त आईकडून येतो, आणि त्या आईच्या वंशाची नोंद गोत्रात शून्य. दहा पिढ्या मागे गेलं की माणसाच्या वंशावळीत 1024 जागा भरतात. गोत्र त्यातल्या फक्त एकाचं नाव सांगतं.

आता महाराष्ट्रातली गोष्ट. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काही ठिकाणी तर तो हक्क मानला जातो. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात. अप्रभावी जनुकाची जोडी जुळण्याचा खरा धोका इथे आहे. पण गोत्र वेगळं, म्हणून शास्त्र खूश! उलट पन्नास पिढ्यांत ज्यांचा एकही जवळचा समान पूर्वज नाही, अशा दोघांचं गोत्र एक निघालं की लग्न मोडायचं. याला जनुकशास्त्र म्हणतात का? सगोत्र विवाहाची कायदेशीर अडचण 1946 साली कायद्यानेच दूर केली. तो कायदा होऊन पाऊण शतक लोटलं, तरी मेसेज अजून फिरतोच आहे.

जात रक्तात नाही, लग्नात आहे

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांचा मुद्दा होता की जातीचं मूळ वंशात नाही. मूळची समाजरचना गोत्राबाहेर लग्न करण्याची होती, तिच्यावर गटाच्या आतच लग्न करण्याचं बंधन लादलं गेलं आणि जात तयार झाली. आधी एका वर्गाने आपलं दार आतून लावून घेतलं, मग इतरांनी त्याचं अनुकरण केलं किंवा त्यांच्यासाठी ते बाहेरून बंद झालं.

तेव्हा डीएनएची रचना कोणाला ठाऊक नव्हती. ती कळली 1953 साली. भारतीयांच्या जनुकसंचाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तर पुढच्या शतकातले. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या आणि हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2013 साली मांडलं की सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. तथाकथित उच्च जातींत, दलितांत, भिल्लांसारख्या आदिवासींतही त्या मिश्रणाच्या खुणा आहेत. त्यानंतर मिसळणं थांबत गेलं. 2016 साली पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी अनेक उच्चजातीय गटांत हा बदल सुमारे 70 पिढ्यांपूर्वी झाल्याचा अंदाज दिला. काळाचे हे अंदाज आहेत, त्यावर अभ्यासकांत चर्चा चालू राहील. पण आधी मिसळणं आणि नंतर दार बंद होणं हा क्रम बाबासाहेबांनी केवळ समाजाचं निरीक्षण करून शंभर वर्षं आधी सांगितला होता.

दार बंद झाल्याचा परिणामही मोजला गेला आहे. 2017 सालच्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले 260 हून अधिक गट तपासले गेले. त्यातल्या 81 गटांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण इतकी ठळक होती की फिनलंडचे लोक आणि युरोपातले अश्केनाझी ज्यू मागे पडले. जनुकीय आजारांच्या अभ्यासात जगभर ज्यांची उदाहरणं देतात तेच हे दोन समाज. याचा अर्थ काय? 'शुद्धता' जपण्याच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या बंद खोलीत लग्नं लावली आणि अप्रभावी आजारांची जनुकं त्याच खोलीत फिरत राहिली. जातीने काही शुद्ध केलं नाही, आजार साठवले.

एकच जनुक, दोन समाज

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्यात एका ठिकाणी बदल झाला की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि सिकलसेल होतो. त्याच जनुकात इतर ठिकाणी बिघाड झाला की बीटा थॅलेसेमिया होतो. पेपरात दोन्हीवर टीप लिहायला येते. आता नकाशा बघा.

सिकलसेल विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासींत आणि विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात जास्त आढळतो. बीटा थॅलेसेमियाचे वाहक सिंधी समाजात जास्त आढळतात. आणि फाळणीनंतर 'कल्याण कॅम्प'मध्ये आलेल्या सिंधी निर्वासितांचं उल्हासनगर आपल्या कल्याणला खेटून आहे. एक समाज व्यापारउदिमात पुढे, दुसरा गावकुसाबाहेर ठेवलेला. बिघाड मात्र एकाच जनुकात. दोन्हींमागचं कारणही सारखंच: एक बिघडलेली प्रत असलेल्या वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळत होतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ही जनुकं टिकली. ग्रीसमध्ये टिकली, अरबस्तानात टिकली, आफ्रिकेत टिकली. डासाने कोणाची जात विचारली नाही.

तरीही आपल्या घरांत सिकलसेल लपवला जातो. मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. इथे मेंडेलचा साधा तक्ता कामाला येतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक आणि निरोगी यांच्या लग्नातून सिकलसेलचा रोगी जन्मत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता रोगी बाळाची, 50 टक्के वाहक बाळाची. प्रत्येक गरोदरपणात, हे शब्द अधोरेखित करा. 'चारांपैकी एक आजारी झालं, आता बाकीची तीन सुटली' असा हिशेब अनेक जण करतात, तो चुकीचा आहे. पत्रिकेतले छत्तीस गुण हे सांगणार नाहीत. रक्ताची एक चाचणी सांगेल. 2023 साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. आपल्या वस्तीत तपासणी झाली का, हे नगरसेवकाला विचारणं हेही आंबेडकरी राजकारणच आहे.

मेरिट जनुकात असतं का?

जीनोटाइप आणि फिनोटाइप यांतला फरक लिहा, दोन मार्क. उत्तर: जनुकांची रचना हा जीनोटाइप, आणि जनुकं व परिस्थिती मिळून जे दिसतं तो फिनोटाइप. आरक्षणाचा विषय निघाला की हेच दोन मार्क मिळवलेले लोक 'बुद्धी उपजत असते' म्हणतात. मुरबाडच्या एकाच शेतकऱ्याने एकाच पोत्यातलं भाताचं बी पाण्याच्या खाचरात पेरलं आणि खडकाळ माळावर पेरलं, तर माळावरचं पीक खुरटेल. म्हणून बी कमअस्सल ठरतं का? दहा बाय दहाच्या खोलीत, पहाटेचं पाणी भरून, मराठी शाळेतून थेट इंग्रजी जीवशास्त्रात ढकललेली पोरगी आणि डॉक्टरच्या घरातला मुलगा यांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून जनुकांचा निष्कर्ष काढणारा माणूस जीवशास्त्रात नापास आहे.

आपल्याच मंचावरचा डीएनए

आता घरातलं बोलू. 'डीएनएने सिद्ध झालं, ते विदेशी आणि आम्ही मूलनिवासी' हे वाक्य आपल्या अनेक सभांत टाळ्या घेतं. आधार दिला जातो 2001 सालच्या एका संशोधनाचा. तो अभ्यास आंध्र प्रदेशातल्या आठ जातींच्या पुरुषांवर होता. त्यात पुरुषवंशात जात जितकी वरची तितकी युरोपीयांशी जवळीक जास्त दिसली, हे खरं. गवताळ स्टेप प्रदेशातून सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी लोक आले, हेही 2019 च्या प्राचीन डीएनएच्या संशोधनाने दाखवलं आहे. ते नाकारणारे सवर्ण पंडित सत्याला घाबरतात, यात शंका नाही.

पण याच संशोधनाचा दुसरा भाग सभेत सांगितला जात नाही. 2009 साली स्पष्ट झालं की मुख्य भूमीवरचे जवळपास सगळे भारतीय गट मिश्र आहेत. आपणही. निर्भेळ मूलनिवासी रक्त नावाची वस्तू आपल्यातही नाही आणि त्यांच्यातही शुद्ध आर्य रक्त नाही. मग कोण किती टक्के यावर लढाई लढायची?

बाबासाहेबांनी ती लढाई मुद्दाम लढली नाही. 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी मांडलं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, जात ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?'मध्ये त्यांनी आर्यवंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत खोडला. 1948 साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे त्या काळातले आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत असं दाखवलं. रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्याने ज्या मोजपट्टीने जातींची उतरंड लावली, तीच मोजपट्टी बाबासाहेबांनी त्याच्यावर उलटवली.

आणि समजा उद्या एखाद्या प्रयोगशाळेने सांगितलं की आपलेच पूर्वज बाहेरून आले, तर आपले हक्क कमी होणार आहेत का? संविधानाने नागरिकत्व रक्तगट विचारून दिलेलं नाही. रक्तावर हक्क मागणारा माणूस उद्या रक्तावर हक्क काढून घेणाऱ्याला उत्तर देऊ शकत नाही. कागदपत्रांवरून माणसांना परकं ठरवण्याच्या या काळात हे शस्त्र कोणाच्या हातात जाईल, ते सांगायला नको.

शिवाय रक्ताचा हिशेब घरातही शिरतो. बौद्ध वधू-वर मेळाव्यात आजही सोमवंशी की लाडवण, बावणे की कोसरे, कोकणी की घाटावरचे, हे हळूच विचारलं जातं. 1956 साली नागपुरात आपण जे सोडलं, ते लग्नाच्या फॉर्मवर परत कसं आलं? 1916 चा निबंध वाचलेल्या माणसाने पोटजात पाहून सोयरीक करणं म्हणजे पाचवी अट पाठ करून पेपर कोरा देणं आहे.

करायचं काय?

मोठं काही नको. प्रत्येक वस्तीत, बुद्धविहारात, परीक्षेच्या दोन महिने आधी हाच प्रश्नसंच मराठीतून समजावणारा वर्ग सुरू करा. बीएस्सी झालेले आपले भाऊबहीण ठाण्यात, कळव्यात, कल्याणात, डोंबिवलीत भरपूर आहेत, त्यांना आठवड्यातले दोन तास मागा. पोरांना मार्क मिळालेच पाहिजेत. आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पुस्तकात नसलेली ओळ जोडा: रँडम मेटिंगपुढे जात, फिनोटाइपपुढे वस्ती, वाय गुणसूत्रापुढे गोत्राची थाप.

14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरं घेतो. तिथेच डॉक्टरांच्या मदतीने सिकलसेल-थॅलेसेमियाच्या वाहक चाचणीची सोय करा, लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना आग्रहाने बोलवा, आणि रिपोर्ट गुप्त राहील याची हमी द्या. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. भीमजयंतीला कल्याणात दिलेली बाटली उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी लेकराला चढू शकते. तिथे रक्तगट जुळवतात, जात जुळवत नाहीत.

लग्नाच्या फॉर्मवरचा पोटजातीचा रकाना मात्र उद्याची वाट न बघता आजच खोडा.

जयभीम!